सावळारामने परत न दिलेला कागद

मी एक कागद आहे. तळहाताएवढा, जाडसर, वरच्या कडेला पिनेची दोन भोकं. परक्या देशात पाहुणा उतरला की मला त्याच्या पासपोर्टात टाचतात. तो निघाला की काढून घेतात. आत आलेला माणूस बाहेर गेला, एवढी साक्ष दिली की माझं काम संपलं. माझ्याबरोबर छापलेले सगळे केव्हाच मोकळे झाले. मी मात्र भिवंडीजवळच्या कशेळी गावातल्या एका लोखंडी कपाटात वर्षभर सडलो. आज बंद पाकिटात बसून बोलतोय. त्या देशाचं नाव सांगत नाही. या प्रकारात त्याचीही शोभा झाली आहे.

माझा मालक सावळाराम. खाडीकाठचा जमीनवाला. शेतं होती तिथे आता गोदामं आहेत, त्यांचं भाडं खातो. मुलगी विनिता लग्न करून त्या देशात गेली. तिला भेटायला तो आणि त्याची बायको ठकुबाई आले, तेव्हा मी त्याच्या पदरी पडलो.

या माणसाची एक खोड आधी सांगितली पाहिजे. त्याच्या बापाने जमिनीचे मूळ कागद एका दलालाला नुसते बघायला दिले होते. कागद परत आले नाहीत. जमीनही गेली. तेव्हापासून त्या घरात एकच कायदा: मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. शाळेला झेरॉक्स, बँकेला झेरॉक्स. मुलीच्या स्थळाला पत्रिका पाठवली, तीसुद्धा झेरॉक्स.

परत निघायच्या वेळी त्याने जावयाला बोलावलं. "भूपेशराव, याची रंगीत झेरॉक्स मारा."

"बाबा, तो कागद त्यांनाच परत द्यायचा असतो."

"देनार ना. नाय कुठं बोललो?"

भूपेशने वाद घातला नाही. जावई सासऱ्याशी वाद घालत नाहीत, मागे जाऊन हसतात.

विमानतळावर माझ्या जागी ती झेरॉक्स टाचून दिली. खिडकीतल्या पोरीने न बघता ओढून घेतली. ठकुबाईने आपला कागद मागितल्याबरोबर दिला होता. नवऱ्याने डोळे वटारेपर्यंत तो गेलाही. मी सावळारामच्या आतल्या खिशात, घामाने चिंब. मला तिथेच किळस आली.

गावात आल्यावर तर विचारूच नका. नाक्यावर बसून तो सांगायचा, "सायबाच्या हातावर झेरॉक्स ठेवून आलो!" लोक मांडीवर थाप मारून हसायचे. ज्याची शरम वाटायला हवी त्यात माणसांना मर्दुमकी वाटते.

वर्ष गेलं. विनिताला दिवस गेले. बाळंतपणाला आईबाप हवेत म्हणून दोघांनी पुन्हा व्हिसाचे अर्ज केले. ठकुबाईचा मंजूर झाला. सावळारामचा परत आला. आमच्या दप्तरी हा माणूस देशाबाहेर गेलेलाच नाही, असं त्यांनी कळवलं. झेरॉक्सवरून नोंद झालीच नव्हती.

सावळाराम ओट्यावर बसून ओरडला, "मंग हितं बसलाय तो कोन?"

"मना इचारू नका," ठकुबाई भाजी निवडत म्हणाली. "चालीस वर्सं झाली, मनापन समजला न्हाय."

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ठकुबाई कधी एकटी कल्याणलाही गेली नव्हती. जाऊ तर दोघं, नाहीतर कोणीच नाही, असं सावळाराम सांगून बसला. तिकडे मुलीचे दिवस भरत आलेले.

मला घेऊन तो भिवंडीत केसरीनाथ एजंटकडे गेला. त्या केसरीनाथने चहाचा ग्लास माझ्यावरच ठेवला.

"काका, टेन्शन नको. हरवला म्हणून लिहून देऊ. पोलिसांत तक्रार, एक अफिडेविट. आपण मॅनेज करतो."

"तुज्या गलासाखाली काय हाय?"

"तो फाडून टाकू ना!"

सावळारामने मला उचललं, सदऱ्याला पुसलं. "डोल्यासमोर हाय त्याला हरवला लिवू? खोटा मी देत न्हाय." आणि जिना उतरला.

झेरॉक्स खरी म्हणून खपवली, ते त्याच्या लेखी खोटं नव्हतं. आपल्या खोट्याला माणसं दुसरं नाव ठेवतात.

भूपेशने तिकडे चौकशी केली आणि फोनवर सांगितलं. विमानाचा बोर्डिंग पास, मुंबईला उतरल्याच्या शिक्क्याची झेरॉक्स आणि मी, हे सगळं त्यांच्या कचेरीत पाठवायचं. मग नोंद दुरुस्त होते. पास कपाटात होता. या घरात कागद म्हणून काही फेकत नाहीत.

"पण हा कागद मूळच लागेल, बाबा. झेरॉक्स चालणार नाही."

"धाडला नि वाटंतच गेला त? मंग माज्या हातात काय ऱ्हाला?"

फोन विनिताने घेतला.

"बाबा, इथले लोक म्हणतात तुम्ही इथेच आहात. मग माझ्या घरी का येत नाही? मला वाकता येत नाही, झोप लागत नाही. इथेच आहात, तर या ना घरी."

तिने फोन ठेवला. सावळारामने ताट सरकवलं. ठकुबाईने ते उचललं.

दुसऱ्या दिवशी तो मला बाकीच्या कागदांसकट या पाकिटात घालून भिवंडीच्या कुरिअरवाल्याकडे आला. खिडकीत मेघाली नावाची मुलगी बसते.

"आत काय आहे, काका?"

"मी हाय."

"म्हणजे?"

"तिकडं एक सावलाराम अडकलाय. त्याला भाईर काढल्याबिगर मना आत घेत न्हायत."

"बरं. डॉक्युमेंट लिहिते." तिने पाकीट ओढलं. दुसरी कड त्याच्या मुठीत. "सोडा ना, काका."

"पावती दे आधी."

"सोडल्याशिवाय कशी देऊ?"

मागून एक यंत्रमागवाला ओरडला, "अरे चाचा, पाकीट है कि दुल्हन? बिदाई कर दो अब!"

रांग हसली. मूठ सुटली.

मी टोपलीत पडलो. वरून त्याचा आवाज ऐकू आला, फोनवर बोलत होता. "ठकू, तुज्या एकटीचा तिकीट काढतंव. पोरीला सांग, आई येते."

पलीकडून ती काही बोलली असावी.

"मी? मी तिकडंच हाय ना. इचार सायबांना." मग खाकरला. "लोनचा घे आठवनीनं. तिला लागतो."

मी त्याचे आभार मानणार नाही. साधं काम होतं, हट्टापायी खोळंबलं, आणि झळ लागली ती पोटुशीला. हे वाचणाऱ्यांनो, निघताना माझ्यासारखा कागद मागितला तर देऊन टाका. आम्ही घरात ठेवायची वस्तू नाही.

आणि त्या कचेरीतल्या साहेबा, तुमच्या खिडकीतल्या पोरीने बघून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. पाकीट ढिगाखाली टाकू नकोस. उघड, शिक्का मार, मला मोकळा कर. पोरगी अवघडली आहे. म्हातारा हटवादी असला तरी तिचा बाप आहे.