पांढरी कड

स्पार्क प्लगच्या चिनीमातीवर एक पांढरी कड होती, नखाने खरवडली तरी न जाणारी, आणि वेल्को ती कोटाच्या खिशातल्या खिशात अंगठ्याने पुनःपुन्हा चाचपत उभा होता — जशी माणसं दुखरा दात जिभेने चाचपतात, तो अजून तिथंच आहे ना हे बघायला. आठ दिवसांपूर्वी हा प्लग कोरा होता. त्यानेच बसवला, त्यानेच काढला. आठ दिवसांत कोऱ्या प्लगला अशी कड कुठून येते? कुठंतरी पाहिलीय ही आपण, रोज पाहतो... एवढंच आठवत होतं, आणि त्याच्या पुढचं आठवायला मन पाऊलच उचलत नव्हतं. दमलं होतं. काल नाही, परवा नाही, फार आधीपासून कधीतरी दमलेलं होतं.

उजाडायला थोडा अवकाश होता. वरच्या आळीत, नोन्का मावशीच्या घरासमोर रचलेल्या सरपणाच्या आडोशाला तो उभा होता. साठी उलटलेला मेकॅनिक, चोरासारखा. समोर ती पांढरी गाडी, भिंतीला अंग लावून निजलेली, काचेवर दव गोठलेलं. गाडी मावशीच्या लेकीची, बिल्यानाची. बिल्याना परिचारिका, रोज घाट ओलांडून पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात जाते. आणि रोज सकाळी ही गाडी सुरू होताना मिसिंग करते — थरथरते, अडखळते, चारांतलं एक सिलिंडर जणू अंथरुणातून उठतच नाही. मग घाटाच्या पायथ्याशी पोचेतो आपली आपणच सुधारते, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

दोनदा त्याने ती आपल्या शेडमध्ये रात्रभर ठेवून घेतली. दोन्ही वेळा सकाळी, बादलीतलं पाणी गोठलेलं असताना, पहिल्या चावीला सुरू झाली. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत राहिला होता. चारही सिलिंडरं एका ओळीत, कापणीला उतरलेल्या चार बायकांनी एकाच श्वासात गाणं उचलावं तशी. कुठं काही चुकत नव्हतं. आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बिल्यानाचा फोन — "काका, परत तेच हो."

अडतीस वर्षं गाव म्हणत आलं, वेल्को गाडीला हात मागाहून लावतो, आधी कान लावतो. आता कॉफीच्या दुकानात तो शिरला की बोलणं जरा वरच्या पट्टीत जायचं. मुद्दाम नाही... मुद्दाम असतं तर बरं होतं. गेल्या आठवड्यात बिल्याना म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर मी खाली शहरात नेते गाडी. तिकडे मशीन लावतात. मशीनला ऐकू येतं." म्हणाली आणि जीभ चावली तिने. जीभ चावली तेच जास्त लागलं.

आज शुक्रवार होता.

कान गेला तर राहिलं काय? बायको, स्तोयका, जाऊन दोन वर्षं झाली. ल्युबेन समुद्राच्या त्या टोकाला, स्पेनमध्ये, दर रविवारी फोन करतो आणि पहिलं वाक्य दर रविवारी तेच — "बाबा, ऐकू येतंय ना?" येतंय, मी म्हणतो. आणि मग दोघंही, येतंय म्हटल्यावर ऐकवण्यासारखं काय आहे ते शोधत बसतो. तिकडे ऊन आहे. इकडे बर्फ आहे. बरं मग. बरं.

वरची खिडकी उघडली.

आधी डोक्याचा रुमाल दिसला, मग दोन हात, आणि हातांत तांब्याची लहान कळशी, तिच्या तोंडाशी जिरेनियमची हिरवी डहाळी. नोन्का मावशीने खिडकीबाहेर वाकून रस्त्याचा अंदाज घेतला. ओठ हलले. शब्द खाली पोचले नाहीत, पण पोचायची गरजच नव्हती. ते शब्द इथल्या प्रत्येक उंबऱ्याला पाठ, घरातलं माणूस निघालं की त्याच्या वाटेवर पाणी टाकताना म्हणायचे —

पाण्यावानी जा गं बाळे, पाण्यावानी ये,
आडवा येईल दगड त्याला वळसा घालून ये.

आणि कळशी कलंडली. चार थेंब रस्त्यावर पडले. बाकी सगळं बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी, तिथल्या जाळीतून आत... वाफ निघाली. म्हणजे पाणी कोमट. आणि त्या वाफेबरोबर खिशातला अंगठा एकदम थांबला. किटली! रोज चहा करतो त्या किटलीच्या पोटात हीच कड आहे, स्तोयका व्हिनेगर घालून घासायची ती, वरच्या आळीच्या झऱ्याच्या पाण्यातली चुनखडी. पाणी. प्लगच्या खोबणीत रोज सकाळी पाणी! ठिणगी आत पडायच्याऐवजी ओल्या चिनीमातीवरून घसरून बाहेरच्या बाहेर विझणार. मग इंजिन तापणार, पाणी उडून जाणार, मागे नुसती पांढरी कड. आणि माझ्या शेडमध्ये कुणी खिडकीतून पाणी ओतत नाही.

"कोण ते? वेल्को? काय रे, सरपण चोरतोस?"

"हळू, मावशी."

"तूच हळू बोल. न्हाणीत आहे ती. सांगू नकोस हं तिला. गेल्या वर्षी पायरीवर घसरली माझ्या पाण्याने, तेव्हापासून बंदी आहे मला. म्हणून खिडकीतून टाकते. कोमट करून. लगेच गोठत नाही."

"पण ते गाडीवर पडतंय, मावशी."

"मग? घाटात गाडी जाते की पायरी जाते?"

वेल्कोला हसू आलं नाही, पण हसू यायची जागा कुठं आहे ते जाणवलं.

"पूर्वी थेट पलीकडच्या कुंपणाशी पोचवायचे मी," मावशी म्हणाली, "आता मेला हात पोचत नाही. पण टाकल्याशिवाय ती घाट उतरेतो घास जात नाही बघ मला. तुझी स्तोयका टाकायची की नाही?"

"टाकायची."

"मग? अडतीस वर्षांत एक तरी गाडी पडली का तुझ्या अंगावर?"

आत दार वाजलं. मावशीने ओठांवर बोट ठेवलं, कळशी गेली, खिडकी मिटली. डहाळीचं एक पान तेवढं बॉनेटवरच्या ओलीला चिकटून राहिलं.

टाकायची. रोज. उंबऱ्याबाहेर, त्याच्या बुटांच्या पुढ्यात, आणि तो रोज त्या ओलीवरून ढांग टाकून पुढे जायचा, शिव्या घालत नव्हता, आभार मानत नव्हता, रोजची सावली ओलांडावी तसा... एकच दिवस नाही. ल्युबेन निघाला तो दिवस. अकरा वर्षं झाली. व्हॅन सुरू, बस चुकेल म्हणून जीव वरखाली, ल्युबेन बॅगेवर बॅग रचतोय आणि ही उंबऱ्यात कळशी घेऊन उभी. मी म्हणालो — मीच म्हणालो — "पुरे तुझं ते पाणी. पाण्यावर गाड्या चालल्या असत्या तर आपण उपाशी मेलो असतो." ल्युबेन हसला. ती पण हसली. कळशी तशीच खाली ठेवली तिने, भरलेली, उंबऱ्याच्या कडेला. संध्याकाळी परत आलो तर तिथंच, वर बर्फाची पातळ साय. तिने साय बोटाने फोडली आणि पाणी कुंड्यांना घातलं. बोलली काही नाही. तेव्हा नाही, पुढेही कधी नाही. त्या न बोलण्याला तरी कुठं कान लावला मी!

"अय्या काका! सकाळी येतो म्हणालात ते खरंच आलात?" बिल्याना पायऱ्या उतरत होती, केस अर्धे ओले, हातात फडक्यात गुंडाळलेली बनित्सा, चीज भरून भाजलेली. "घ्या, गरम आहे. आई म्हणते, वेल्कोला खायला घाल, म्हणजे त्याला ऐकू येईल."

"लाव चावी."

गाडी थरथरली. खोकली. तीन बायका गात होत्या, चौथी गप्प — तिसऱ्या जागेवरची. पेचकसाची गरजच नव्हती; सरपणाच्या आडोशावरूनही त्याला ती गप्प असलेली ऐकू आली असती. कान शाबूत होता. आता आनंद व्हायला हवा, त्याला वाटलं, आणि तो वाट बघत राहिला, पण जे आलं ते निराळंच काही होतं, जड, आणि खांद्यावर नेमकं बसणारं.

"ऐकलंत ना? आता तरी सांगा, काय झालंय हिला?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुझी आई. दोन शब्द, आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की वेल्कोचा कान अजून कोल्ह्याचा आहे, मशीनबिशीन सब झूट. वर खिडकीचा पडदा हलला, की वारा असेल.

"बंद कर," तो म्हणाला. "तू बसने जा आज. मी घेऊन जातो."

"चारला येते मी. पण काका, आज नाही तर—"

"माहीत आहे."

इंजिन न लावताच त्याने गाडी उतारावरून शेडपर्यंत घरंगळत नेली, आत भरलेलं पाणी उडू नये म्हणून. बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगच्या खोलगट खोबणीत चमचाभर पाणी होतं, आणि त्यात हिरव्या पानाचा तुकडा, नखाएवढा. चिमट्याने तो काढून त्याने खिडकीच्या चौकटीवर ठेवला. का ठेवला? फेकायला हवा होता.

मग काम. कामाला विचार लागत नाही, हेच त्याचं मोठेपण. खोबणी कोरड्या केल्या, गाडी सुरू केली — स्वच्छ. पण नुसतं स्वच्छ म्हणजे सिद्ध नव्हे. दुखणं जिथून आलं तिथून परत आणून दाखवता आलं पाहिजे. दुपारी इंजिन पुरतं निवल्यावर त्याने चुलीवरच्या किटलीतलं पाणी पत्र्याच्या डब्यात घेतलं, बोट बुडवून पाहिलं, कोमट, आणि मावशी ओतते तसं बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी ओतलं. चावी. तीन बायका, चौथी गप्प. बरोबर. परत कोरडं केलं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चारही प्लगवर झापडीसारखा बसवला, वायरींच्या टोप्यांत ग्रीस भरलं, आणि पुन्हा निववत ठेवली. तोवर खिडकीशी बसून बनित्सा खाल्ली, गार झालेली. ते पान वाळत होतं.

साडेतीनला दुसऱ्यांदा ओतलं. हात कलला, आणि हात कलताना ओठ आपोआप हलायला लागले ते त्याने दाबून धरले... तपासणी आहे ही. चावी फिरवली. चारही. झापडीखाली थेंब नाही. मावशीने आता कळशी काय, अख्खा झरा ओतला तरी गाडी गातच जाईल.

सांगितलंच तर काय होईल? बिल्याना ओरडणार नाही, चांगली पोर आहे. फक्त म्हणेल, "आई, बघितलंस, तुझ्या पाण्यानेच." आणि मावशी हसेल. कळशी खाली ठेवेल, भरलेली. हसण्याचा तो आवाज मला माहीत आहे.

चारला बिल्याना आली, गालांवर बसमधली ऊब. "काय निघालं?"

"चावी लाव आधी."

तिने लावली. इंजिनाने पहिल्या दमात सूर धरला. बिल्याना बघतच राहिली.

"पण झालं काय होतं?"

"वायरी," वेल्को म्हणाला. "जुन्या झाल्यात. ओल धरली की ठिणगी गळायची." यात खोटं काही नव्हतं, नुसतं अर्धं होतं. "मला आधीच ऐकू यायला हवं होतं."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग जपून, जरा वरच्या पट्टीतल्या आवाजात — "म्हणजे काका... कान?"

"वय झालं गं."

"होतंच हो," ती घाईने म्हणाली, आणि त्याच्या दंडावर हात ठेवला, रुग्णाच्या ठेवतात तसा. उद्या कॉफीच्या दुकानात ती हे सांगेल. वाईट मनाने नाही; जपा म्हणून सांगेल. आणि लोक जपतील. जपणं कसं असतं ते त्याने या हिवाळ्यात पाहिलं होतं.

"हे रबर काढू नकोस. बर्फ वितळतं, पाणी कुठूनही येतं."

"आणि बॉनेट ओलं का?"

"धुतलं."

"या थंडीत? कमाल करता काका तुम्ही!" हसत तिने दार ओढून घेतलं.

गाडी वळणापर्यंत दिसली. ऐकू त्याच्याही पुढे येत राहिली — चढ लागला, गियर बदलला, वरच्या आळीचा दगडी रस्ता, चारही एका ओळीत. एवढ्या लांबून हे ऐकणारा गावात दुसरा कोणी नव्हता, आणि हे आता कुणाला ठाऊकही असणार नव्हतं. मग थांबली. खिडकी उघडल्याचा आवाज आला की नाही, ते मात्र त्याला नक्की सांगता येईना.

हातात पत्र्याचा डबा तसाच होता. तळाशी पाणी, अजून जरासं कोमट. तपासणी संपली होती; या पाण्याला आता काम नव्हतं. समोर बर्फात चाकांच्या दोन रेघा, वळणापर्यंत जाऊन दिसेनाशा झालेल्या, आणि तो शेडच्या उंबऱ्यात उभा होता. अकरा वर्षं उशिरा ओतलेलं पाणी कुठल्या वाटेला लागतं? पोचतं का? की वाटेतच गोठतं, आणि मग कोण कधी येऊन त्याची साय बोटाने फोडतं...

डबा किंचित कलला होता, की हातच थकला होता. आज शुक्रवार. रविवारला दोन दिवस.

बाबा, ऐकू येतंय ना?

येतंय, तो रिकाम्या रस्त्याला म्हणाला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, म्हणून झाल्यावरही तो ऐकत राहिला.