क्रेव्हास म्हणजे भेग

रवींद्र सरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि व्याख्येतला एक शब्द गाळला की अर्धा मार्क कापला. हिमगव्हर म्हणजे हिमनदीनं कड्यात कोरलेला मोठा खोलगा. हिमोढ म्हणजे तिनं आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग. क्रेव्हास म्हणजे हिमनदीत पडलेली खोल, उभी भेग. बाळकुममधल्या गोपीनाथचा हर्षित यातलं काही विसरायचा नाही. मिठागराकडचं पोर, पण बर्फाचं वेड लागलेलं! "नुसतं पाठ काय करतोस, जाऊन बघ की," असं सरच त्याला म्हणाले होते. पोरगा हिमालयात गेला, आणि मग दरवर्षी जायलाच लागला.

यंदा मे महिन्यात एका सकाळी हर्षितची आई सगुणा सरांच्या दारात आली. हातात मोबाईल. ट्रेकच्या लीडरचा मेसेज होता: हर्षित क्रेव्हासमध्ये पडला होता, बाहेर काढलंय, पुढचं कळवतो. त्यानंतर फोन लागेना.

"सर, या क्रेव्हास म्हंजे काय?"

सरांच्या ओठांवर पूर्ण व्याख्या आली. पण त्या बाईचा चेहरा बघून धीरच होईना हो! "भेग," ते म्हणाले. "बर्फातली भेग."

"आपले खाजनान उन्हाल्यान परतान, तशी?"

खाजणातल्या सुकल्या चिखलाच्या भेगेत फार तर घोटा जातो. तरी सर म्हणाले, "हो, तशीच."

"मंग पाय मुरगलला आसंल मेल्याचा!" सगुणा हसली, रडलीसुद्धा. तिथूनच तिनं नवऱ्याला फोन लावला. गोपीनाथ पिशवी भरून विमानतळावर निघाला होता. तिनं त्याला थांबवलं. सर सांगतात म्हटल्यावर तोही थांबला.

सरांनी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. चहा टाकत बसले! संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाले, मग उद्या सांगू म्हणाले. तिसऱ्या दिवशी हर्षित गेल्याचा निरोप आला.

दहाव्याला सर गेले. गोपीनाथनं त्यांना अंगणात बाजूला नेलं.

"सर, तुमाना ठाव व्हता ना?"

"हो," सर म्हणाले. "मला माफ कर, गोपीनाथ. मला सांगवेना."

गोपीनाथ ओरडला नाही. खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं तोंड पुसलं.

"दवाखान्यान दोन दिस जागा व्हता तो, सर. बापूस कवा येतंय, इचारत व्हता."