तिसऱ्यांदा हो म्हणायचं होतं

जगन्नाथपुरीहून निघालेली आमची गाडी अमरावतीच्या बायपासला एका चहाच्या टपरीशी थांबली, तेव्हा यात्रा संपली असं मी मनातल्या मनात जाहीर करून टाकलं होतं. काशी झाली, गया झाली, पुरी झाली. संबलपूर, रायपूर, नागपूर मागं पडलं. आता फक्त आमचं तेल्हारा राहिलं होतं, आणि तिथं पोचायची घाई तेल्हाऱ्याच्या माणसालाही सहसा नसते.

गाडीत आम्ही चौघं. माझे शेजारी भगवंतराव, त्यांच्या पत्नी गोदावहिनी, मी पुंजाजी, आणि गाडीचा मालक व ड्रायव्हर अशी दोन्ही पदं सांभाळणारा कुलदीप. भगवंतराव शब्दाचे पक्के. शब्द चुकीचा असला तर जास्तच पक्के. त्यांच्या सीमानं दहा-बारा वर्षांमागं अकोल्याच्या अश्विन नावाच्या शिक्षकाशी लग्न केलं. अश्विनचं घर बौद्ध. भगवंतरावांनी चारचौघांत सांगून टाकलं, त्या घरचं पाणी पिणार नाही. तेव्हापासून सीमाचं नाव घरात निघालं नाही. वहिनी परसात जाऊन तिच्याशी फोनवर बोलत, आणि भगवंतराव नेमके त्याच वेळी टीव्हीचा आवाज बारीक करत.

हेच भगवंतराव पुरीला महाप्रसादाच्या पंगतीत बसले होते. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, भात कोणाच्या हातचा, काही विचारलं नाही. दोनदा मागून घेतला. देवाच्या दारात जात नसते, असं वर मलाच सांगितलं. देवाचं दार तेल्हाऱ्यापासून बरंच लांब आहे, हे मी बोललो नाही.

वहिनींनी यात्राभर देवाकडे काय मागितलं ते देवाला ठाऊक. माणसांकडे मात्र एकच मागितलं. येताना अकोल्याला थांबायचं, आणि यांनी एकदा सीमाच्या घरात पाय ठेवायचा.

"कुलदीप, दर्यापूरवरून घे," भगवंतराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. "अकोटवरून सरळ घरी."

"काका, अकोल्याचा हायवे मस्त हाये. तिकून काहून नेता?"

"तुले गाडी चालवायचे पैसे देतो का सल्ल्याचे?"

"मी सीमाले सांगून बसली," वहिनी म्हणाल्या. "सयपाक करून राहिली ते."

"कोनाले इचारून सांगतलं? गाडीत गंगा हाये. गंगापूजन झाल्याबिगर कोनाच्या घरात जाता येते काय? पुंजाजी, तुमीच सांगा हिले."

रीत खरी होती. काशीहून आणलेली गंगा घरी पुजली जाईपर्यंत ती घेऊन वाटेत कोणाचा उंबरठा ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. भगवंतरावांना ते नागपूर सोडल्यावर आठवलं, एवढंच. काल दुपारी रायपूरला ते मेहुण्याच्या साडूकडे जेवून झोपले होते, तेव्हा गंगा गाडीतच होती. पण मला सांगायला सांगितलं होतं, विचारायला नव्हतं. मी चहा प्यायलो.

वहिनी उठल्या. गाडीतली गंगेची पाच लिटरची कॅन काढली आणि टपरीमागच्या निंबाच्या बुडाशी गेल्या. झाकण उघडून कॅन उपडी केली. एवढं पाणी सांडायला बराच वेळ लागतो. घळघळ आवाज येत राहिला आणि आम्ही तिघं तो ऐकत राहिलो.

"बाप्पा!" कुलदीप म्हणाला.

"काशीचं पानी सांडलं तू," भगवंतराव म्हणाले.

"सांडलं नाई, निंबाले घातलं." वहिनींनी झाकण पुन्हा नीट लावलं, रिकाम्या कॅनला. "आता गाडीत गंगा नाई. चाला अकोल्याले."

भगवंतराव उठून गाडीत बसले. पुढं बसायचे ते मागं, माझ्याजवळ बसले. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर यायच्या आधी त्यांनी गाडी थांबवली, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि गावात उतरताना घालायला जपून ठेवलेला परीटघडीचा सदरा घातला. मग माझ्याकडं झुकले.

"पुंजाजी, पोरगी मले आत बोलवायले येईन."

"येईनच."

"मी नाई म्हनन."

"काहून?"

"अरे, पयल्याच बोलावन्याले उठून जाऊ काय? ते पुन्हा म्हनन, मी पुन्हा नाई म्हनन. मंग तुमी म्हना, जाऊ द्या ना भगवंतराव, लेकरंच हायेत. मंग तिसऱ्यांदा ते म्हनन, तवा मी उतरन."

यात काही वेडेपणा नव्हता. आमच्याकडे पाहुणा पहिल्या हाकेला जेवायला बसला तर तो चार दिवसांचा उपाशी आहे असं समजतात. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, तुमचा आग्रहच हाये तं," असं म्हणत पाटावर बसायचं. भगवंतराव दहा-बारा वर्षांनी लेकीच्या घरी जात होते, ते रीतीनंच जाणार. मी माझं वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं.

अकोल्यात कौलखेडकडे सीमाचं घर. लहानसं, फाटकाशी कढीपत्त्याचं झाड. वहिनी एकट्याच उतरल्या आणि आत गेल्या. मायलेकी दारात भेटल्या असाव्यात. आम्हाला दिसलं नाही, पण रडण्याचा आवाज आला आणि लगेच आत गेला. वरच्या गॅलरीत एक मुलगी येऊन उभी राहिली. सीमाची लेक अपेक्षा असणार. भगवंतरावांनी काच खाली केली आणि तिच्याकडे पाहत राहिले. आजोबा म्हणून कसं हसायचं याचा सराव नव्हता. मुलगी थोडा वेळ थांबली आणि आत गेली.

मग अश्विन आला. डोक्याचे केस पिकायला लागलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यानं नमस्कार केला. भगवंतरावांनी हात वर केला, तो जोडायचा की नुसता हलवायचा हे न ठरल्यामुळं हवेतच राहिला.

"बाबा, आत या," अश्विन म्हणाला. "पानं वाढली आहेत."

"नाई," भगवंतराव म्हणाले. छान म्हणाले. नजर थोडी बाजूला, आवाजात थोडी ओल, नेमकं पुढच्या आग्रहाला जागा ठेवून.

अश्विननं त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. "बरं," तो म्हणाला. मला आणि कुलदीपलाही बोलावलं. भगवंतराव बाहेर असताना आम्ही कसे जाणार? आम्हीही नाही म्हणालो. त्यालाही तो "बरं" म्हणाला आणि मान लववून निघाला. मी माझं वाक्य बोलायला तोंड उघडलं तेव्हा फाटकाची कडी लागली होती.

"येईन आता," भगवंतराव म्हणाले.

"येईन."

"सीमा सोता येईन."

आम्ही थांबलो. आतून ताटवाट्यांचा आवाज आला, मग नळाचा. कुलदीपनं एसी बंद केला, पुन्हा सुरू केला. भगवंतरावांनी पायांत चपला घालून ठेवल्या होत्या आणि हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं वहिनी आल्या, एकट्या. पुढं बसल्या, पट्टा लावला.

"चाल, कुलदीप."

गाडी अकोट रस्त्याला लागली. मग वहिनी समोरच्या काचेकडं पाहतच बोलल्या.

"तुमचं ताट तिनं आधीच मांडलं होतं. वांग्याची भाजी केली होती, तुमाले लागते तशी. अश्विनरावानं येऊन सांगतलं, बाबा नाई म्हनते. तं तिनं ताट उचललं. भात पातेल्यात वापस टाकला."

"काई बोलली?"

"नाई."

"रडली?"

"मी आली तवा रडली. तुमच्यासाठी नाई रडली."

भगवंतराव बाहेर पाहू लागले. बाहेर कापसाची पऱ्हाटीच पऱ्हाटी होती.

"तो एकच बार म्हनला," ते म्हणाले.

"किती बार म्हनाले पायजे होतं?"

याला उत्तर होतं, आणि ते गाडीत आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाचं एक "नाही" इतकी वर्षं खरं मानून लोकांनी संसार केला, त्याचं दुसरं "नाही" खोटं आहे हे अश्विननं कुठून ओळखावं?

कुलदीपनं आरशात पाहिलं. पोरगा तोंडाचा फटकळ, पण आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "काका, फिरवू काय गाडी? आता फिरवली तं आर्ध्या घंट्यात पोचतो."

"नाई," भगवंतराव म्हणाले.

ते आपोआप आलं. आल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी झटकन मान वर केली आणि कुलदीपच्या पाठीकडं पाहिलं. वहिनींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. कुलदीप ड्रायव्हर माणूस. नाही म्हटलं की नाही. त्यानं गिअर बदलला. या वेळी मी तरी बोलायला हवं होतं. पण वहिनींनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्या झोपल्या नव्हत्या.

"हळू घे," थोड्या वेळानं भगवंतराव म्हणाले.

कुलदीपनं हळू घेतली.

"आनखी हळू घे, बापा. घाई काय हाये."

अकोटच्या पुढं तर एका बैलगाडीच्या मागं आम्ही कितीतरी वेळ गेलो, रस्ता मोकळा असताना. कुलदीपनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. भगवंतराव मधूनमधून मागच्या काचेतून रस्त्याकडं वळून पाहत होते. मागं कोणी येत नव्हतं. उन्हं उतरली. बैलगाडी एका शेतात वळली, आणि तिच्यामागं जायचंही निमित्त उरलं नाही.

इतकं हळू जाऊनही तेल्हारा आलंच.