रविवारच्या माणसांचा फिल्टर

कलाम्बा शहरातल्या रोदेलियोनं अंगणात पोहण्याचा तलाव बांधला तो आईच्या, म्हणजे त्याच्या नानायच्या, गुडघ्यांसाठी. रोज सकाळी नानाय पाण्यात हळूहळू चालायची, अन् गुडघे तिचं ऐकायचे. पण दर सोमवारी पाणी असं गढुळायचं की पायरीही दिसेना. मग दोन दिवस चालणं बंद. शेवटी मायलेक नवा फिल्टर घ्यायला गेले.

“पोहणारी माणसं किती?” दुकानवाल्या ओफेलियानं विचारलं.

“घरची चार.”

नानाय फिसकन हसली. “आणि रविवारी भाजलेलं डुक्कर हाणून, सदऱ्यांसकट उड्या मारणारी तुझी भावंडं? ती काय मासे आहेत?”

“त्यांना आता नकोच म्हणतो. तुझे गुडघे...”

“गुडघ्यांना तेल चोळीन रे. अंगण ओकंबोकं झालं तर त्याला काय चोळू?”

 मग रोदेलियो चुलत, मावस, शेजारी असं बोटांवर मोजत एकतिसावर पोचला. ओफेलियानं फिल्टरची लहान टाकी मागे सारली आणि छातीपर्यंत येणारी मोठी पुढे ओढली.

“हिच्यानं सोमवारी सकाळी पाणी नितळ मिळेल, आजी.”

“असं?” नानाय खुलली. “मग शनिवारीही बोलावू की सगळ्यांना!”