बैलबसणीचा मुक्काम

बैलबसणीचा डोंगर मी लहानपणापासून पाहत आले, पण फक्त खालून. आसेगावच्या बाजारात दुकान मांडून बसलं की तो समोर दिसायचा, पाय मुडपून बसलेल्या बैलासारखा. आमचे युनूसमियाँ दरवर्षी म्हणायचे, पुढच्या साली जाऊ. त्यांचं पुढचं साल काही उजाडलं नाही. माणसाला सावली आणि पान मिळालं की त्याला डोंगराचं काय कौतुक? म्हणून तांड्यातल्या सुंदरबाईनं दुकानाशी येऊन "हाजराबी, येतं काय वं वर?" असं विचारलं, तेव्हा मी पदर झटकून उठले आणि नवऱ्याला सांगितलं की आज गोंडे तुम्ही विका.

आम्ही पटवे. बैलांचे गोंडे, कवड्यांचे पट्टे, घुंगरमाळा हे आमच्या घरचं काम, आणि डोंगराखालच्या तांड्यातले लोक आमचे जुने गिऱ्हाईक. मिठाचा कायदा मोडायचा म्हणून देशभर बोभाटा चालला होता, ते साल. सुंदरबाईच्या तांड्याचे बापजादे एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरायचे. जऊळक्यावरून आगगाडी धावू लागली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडा डोंगराखाली शेती करत बसला तो बसलाच. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. देवाच्या नावानं सोडलेला एक पांढरा बैल तांड्यात कायम असायचा. त्याच्या पाठीवर ओझं घालायचं नाही, त्याला काठी लावायची नाही, दावं बांधून ओढायचं नाही. पूर्वी तोच सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि तो जिथं बसेल तिथं तांड्याचा मुक्काम पडायचा. बैल उठला की नायक उठायचा, नायक उठला की मुक्काम मोडायचा. त्याआधी कुणी जागचं हलायचं नाही.

असाच एक बैल म्हणे फार जुन्या दुष्काळात या डोंगरावर बसला आणि काही केल्या उठेना. लोकांनी वैतागून तिथंच खणलं आणि पाणी लागलं. ते टाकं अजून वर आहे. आमच्यातले लोक म्हणतात, पाणी लागलं ते डोंगरावरच्या पीरसाहेबांच्या दुवेनं. मी त्या भांडणात पडत नाही. पाणी गोड असलं म्हणजे झालं.

तेव्हापासून तांड्याचा प्रत्येक देवबैल जन्मात एकदा आपल्या पायांनी वर जाऊन ते पाणी पितो. ज्या घरानं त्याला सांभाळलं, त्याच घरातल्या माणसानं पुढे चालायचं. बैल पाणी प्यायला की त्याच्या गळ्यातली पितळी घंटा आणि बैल दोन्ही त्या घरी कायम राहतात. आताचा बैल धवळ्या, आणि त्याला सांभाळलं होतं सुंदरबाईच्या नवऱ्यानं, दौलतसिंगनं. बैलाला वर न्यायचं न्यायचं म्हणता दौलतसिंग खोकल्यानं अंथरुणाला खिळला आणि दिवाळीच्या आधी गेला. मूलबाळ नाही. मग तांड्याचा नायक भाऊसिंग म्हणू लागला की बाईमाणसाच्या हाती देवबैल शोभत नाही, तो माझ्या रूपलाकडे द्या. चैत्रात पोहरादेवीच्या जत्रेला तांडा निघतो तेव्हा बैलापुढे चालायचा मान त्याला पोरासाठी हवा होता.

सुंदरबाईला मानाचं काही नव्हतं. ती मला एकदा म्हणाली होती की दौलतसिंग गेल्यापासून घरात घंटेशिवाय दुसरा आवाज नाही. पहाटे ती वाजली की तिला वाटायचं, मालक उठले, गोठ्यात गेले. तीच घंटा उचलून दुसऱ्याच्या दारात बांधायची म्हणजे काय, हे भाऊसिंगला कसं कळणार? त्याच्या घरी आवाजांची कमी नव्हती.

शेवटी तांड्यानं ठरवलं की जत्रेआधी एकदा सुंदरबाईनं बैल वर न्यावा. टाक्यापर्यंत पोचला तर तो तिचा. मधूनच माघारी फिरला तर रूपलाचा. बैल म्हातारा झालेला, चढ छातीवर येणारा. भाऊसिंगनं मनातल्या मनात घंटा आपल्या दारी बांधूनही टाकली असेल.

सकाळी आम्ही निघालो. पुढे सुंदरबाई, तिच्यामागे धवळ्या, त्याच्या गळ्यात मी विणलेला नवा लाल गोंडा, मग मी, आणि सगळ्यात मागे साक्षीला म्हणून भाऊसिंग, रूपला आणि तांड्यातले म्हातारे सेवादासबुवा. पुरुष हात हलवत आले होते. सुंदरबाईच्या डोक्यावर मात्र पिठाचं भलं मोठं गाठोडं, त्यावर तवा आणि खांद्याला पाण्याची कातडी पिशवी. मी विचारलं की दुपारपर्यंत परत यायचं तर एवढं पीठ कुणाला? ती म्हणाली, "तो बसन, हाजराबी. मले मालूम हाये."

डोंगर जवळून पाहिला आणि मला युनूसमियाँचा नव्यानं राग आला. पहिल्याच वळणावर खडकात कोरलेल्या गुंफा, दाराशी दोन सिंह, एकाचं तोंड झिजून गेलेलं, दुसरा अजून दात विचकत होता. पुढे पळसांची रांग पेटल्यासारखी फुललेली. मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडलेला, वास असा की पाय अडखळावेत. मग वडाखाली पीरसाहेबांची कबर. मी चादर चढवली, दुवा मागितली, आणि खरं सांगते, आपल्यासाठी काही मागायच्या आधी बैलाच्या गुडघ्यांसाठी मागितली. तिथून वर पडक्या किल्ल्याचा दरवाजा दिसत होता. दरवाजाच्या आत टाकं.

धवळ्या कबरीच्या पुढच्या सपाटीवर आला, दम खात थांबला, आणि बसला.

भाऊसिंग एका दगडाला टेकून हसला. म्हणाला, झालं, एवढं अंतर चालला हेच खूप, थोड्या वेळानं उठेल आणि उताराला लागेल. सुंदरबाईनं गाठोडं उतरवलं, तीन दगड शोधून आणले आणि चूल मांडली.

"हे काय करून राह्यली, वयनी?" भाऊसिंगनं विचारलं.

"बैल बसला. मुक्काम पडला."

तो म्हणाला की मुक्काम जुन्या काळचे, आता खळ्यावर गहू पसरलाय, त्याला घरी गेलं पाहिजे. तेव्हा सुंदरबाई पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "बैल बसला असताना नायक उठून गेला, असं कोन्या नायकानं केलं हाये? सांगा. मंग जा."

भाऊसिंगनं सेवादासबुवांकडे पाहिलं. बुवा आधीच मांडी घालून बसले होते. नायकही बसला. मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवून वडाकडे पाहत राहिले. ज्या रीतीच्या जोरावर तो घंटा न्यायला आला होता, त्याच रीतीनं त्याला खुंट्याला बांधलं होतं.

सुंदरबाईनं सगळ्यांना रोट्या करून घातल्या. भाऊसिंगला पहिली वाढली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, खाली आसेगावात दिवे लागले. धवळ्या रवंथ करत होता. रात्र आम्ही तिथंच काढली. सकाळी डोळे उघडले तरी बैल तसाच, आणि सुंदरबाई त्याच्यासमोर तशीच. तिनं त्याला हात लावला नव्हता, चुचकारलं नव्हतं. फक्त दिसेल अशी बसून होती. मी तिला हळूच म्हटलं की बाई, तो आता काही उठत नाही. ती म्हणाली, "बसू दे. मी बी बसली हाये."

ऊन चढलं तसा भाऊसिंगचा धीर सुटला. तिथून त्याला आपलं खळं दिसत होतं आणि खळ्यात शिरलेली कुणाची तरी गुरं दिसत होती. त्यानं रूपलाला हाक मारून गुरं दाखवली, बुवांना दाखवली, शेवटी ताडकन उठला आणि बैलापाशी जाऊन त्याच्या गळ्यातली घंटा सोडू लागला.

"किती वाट पाह्याची? बैल थकला, वयनी. त्याच्यानं होत नाई. घंटा मी नेतो, बैल उठला की तो मागून येईन."

मला वाटलं, आता सुंदरबाई त्याच्या अंगावर धावून जाईल. मी असते तर चुलीतलं लाकूड उचललं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुमी उठले, नायक?"

"उठलो."

"मंग मुक्काम मोडला."

तिनं पिठाचं रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि ती वरच्या वाटेला लागली. एकटीच.

भाऊसिंग खांदे उडवून उतरू लागला. त्याच्या हातात घंटा पावलागणिक वाजत होती. वरच्या वाटेवर सुंदरबाईच्या अनवाणी पायांचा आवाजसुद्धा नव्हता. मधे धवळ्या, आणि बाजूला परक्या घरची मी, जिला त्याला हात लावायची सोय नाही.

घंटेचा आवाज दूर जाऊ लागला तसे धवळ्याचे कान हलले. त्याची घंटा आजवर त्याच्या गळ्याबाहेर कधी वाजली नव्हती. त्यानं मान वळवली, पुढचे गुडघे टेकले, आणि तो उठला. तोंड खालच्या बाजूला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी वर पाहून ओरडले की सुंदरबाई, बघ गं, मागे तरी बघ. तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती, आणि ती थांबली असती तर तो परत बसला असता. हे मला तेव्हा कळलं नाही. तिला तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

धवळ्यानं खाली घंटेकडे पाहिलं. मग वर पाहिलं. जन्मापासून तो बसला की सगळी माणसं बसत आली होती. त्याला बसलेला टाकून कुणी कधी पुढे गेलंच नव्हतं. वर त्याला रोज चारा घालणारी बाई पाठमोरी लहान लहान होत चालली होती. त्यानं असा हंबरडा फोडला की वडावरची पाखरं उडाली. मग तो अंगानं सगळा वळला आणि चढू लागला. म्हातारे पाय, दगडावर घसरणारे, पण थांबले नाहीत. मी त्याच्यामागे रडत चढत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

किल्ल्याच्या दरवाजात त्यानं तिला गाठलं. तिच्या पाठीला ओलं नाक लागलं तेव्हा ती थांबली, पण वळली नाही. पुढे चालत टाक्यापर्यंत गेली, पायऱ्या उतरली, बाजूला झाली. धवळ्या खाली मान घालून पाणी प्यायला. खूप वेळ प्यायला. मग सुंदरबाई पायरीवर बसली, तोंडाला पदर लावला आणि दिवाळीपासून कुणासमोर रडली नव्हती ते रडली.

मी तटावर गेले. सगळा मुलूख खाली पसरला होता. अडाण नदीची वळणं, आसेगावचा बाजार, त्यात कुठेतरी पान चघळत गोंडे विकणारे युनूसमियाँ. मी मनात म्हटलं, बघा, मी आले.

तेवढ्यात दरवाजातून घंटा ऐकू आली. बैलाचा हंबरडा ऐकून भाऊसिंग परत चढून आला होता, घामानं निथळत, मागे बुवांचा हात धरून रूपला. नायकानं टाक्याकडे पाहिलं, बैलाच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं आणि घंटा सुंदरबाईपुढे धरली.

"तुमीच सोडली," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमीच बांधा."

त्यानं बांधली. बांधताना त्याला बैलापुढे वाकावं लागलं, पण ते वाकणं त्यानं नीट केलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. धवळ्यानं मान हलवली, घंटा वाजली, आणि सुंदरबाईचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिला घरातून हाक मारली.

मग धवळ्या चार पावलं चालला, टाक्याच्या काठावरच्या सावलीत गेला आणि बसला.

भाऊसिंगनं तटावरून खाली आपल्या खळ्याकडे पाहिलं. गुरं अजून गव्हातच होती. सुंदरबाई उठली आणि चुलीसाठी तीन दगड शोधू लागली. पीठ तर कालच संपलं होतं.

"बसा, नायक," ती म्हणाली.

नायक बसला.