गोठ्यातलं शूटिंग

फौजेतून निवृत्त झाल्यावर विश्वजीतने गावात जो बंगला बांधला, तो सिनेमावाल्यांना अजिबात आवडला नाही. वडूजच्या अलीकडच्या त्या गावात खांबांना टाइल्स लावलेलं ते पहिलंच घर. जिन्याला स्टीलचं रेलिंग, फाटकावर सोनेरी रंगाची वाघाची तोंडं, हॉलमध्ये छताला झुंबर. विश्वजीत एकेक गोष्ट हौसेने दाखवत होता, आणि सांगलीहून आलेला वीरधवल नावाचा तरुण दिग्दर्शक "छान, छान" म्हणत मागच्या दाराने जो बाहेर पडला, तो थेट गोठ्यात जाऊन उभा राहिला. तिथे मात्र त्याचे डोळे भरून आले. "साहेब, हेच आपलं घर," तो म्हणाला. झालं. म्हशी बंगल्याच्या पार्किंगमध्ये टाइल्सवर जाऊन उभ्या राहिल्या आणि गोठा सारवून, चूल मांडून, फळीवर पितळेची भांडी लावून सिनेमातल्या म्हाताऱ्या आईसाठी सज्ज झाला.

सिनेमा स्मृतिभ्रंश झालेल्या आईचा होता. गावाला हा शब्द नवीन होता, दुखणं नवीन नव्हतं. विश्वजीतच्या घरातच ते मुक्कामाला होतं. त्याची आई रंगूबाई सुनेला, म्हणजे राजेश्वरीला, आपली धाकटी जाऊ समजायची. पोटभर जेवून हात धुतले की शेजारी जाऊन सांगायची, सकाळपासून कुणी भाकरीचं विचारलं नाही म्हणून. शेजारीही शहाणे, ते पुन्हा वाढायचे आणि मग राजेश्वरीला ऐकवायचे. पण या सगळ्यापेक्षा विश्वजीतला एक गोष्ट खुपायची. त्याला ती पाहुणा समजायची. रोज सकाळी तो समोर आला, की डोक्यावरचा पदर सारखा करून अदबीने विचारायची, "या पावनं. कवा आलासा? कंच्या गावचं तुमी?"

आईने शिव्या दिल्या तर माणूस त्या कौतुकाने चार जणांत सांगतो. पण तिने "तुमी" म्हटलेलं कुणाला सांगणार? विश्वजीतला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. डोळे मिटायच्या आत आईने एकदा आपल्याला पोर म्हणून नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं. त्यासाठी साताऱ्याचे डॉक्टर झाले, देवाला कौल लावून झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, देवाने उजवा कौल दिला, आणि आईने पुढ्यात बसवून "पावनं, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई" असा आग्रह केला. एकदा तर त्याने ट्रंकेतली जुनी वर्दी काढली. ती पोटावर काही केल्या बसेना. शेवटी वरची दोनच बटणं लावून तो आईसमोर ताठ उभा राहिला. रंगूबाईने त्याला खालून वरून न्याहाळलं.

"माजा विश्वजीत बी फौजेत हाय," ती म्हणाली. "पर त्यो लय बारीक हाय, पावनं. दिवाळीला यील तवा गाठ पडंल तुमची."

त्या दिवशी विश्वजीत जेवला नाही. वर्दी मात्र त्याने नीट घडी घालून परत ठेवली.

शूटिंग सुरू झालं. सिनेमातल्या आईचं काम पुण्याच्या मायाताई करत होत्या. बाई इतक्या तल्लख, की युनिटमधल्या कुणाच्या चहात साखर किती हेसुद्धा त्यांना पाठ. पण कपाळाला राख फासून, केस विस्कटून त्या चुलीपाशी बसल्या, की बघणाऱ्याला त्या खऱ्याच वाटायच्या. मुलाचं काम करणारा नट चिकटवलेल्या मिशीचा होता. सिनेमात त्याचं नाव शंभूराज. प्रसंग असा होता, की शंभूराज शहरातून घरी येतो, उंबऱ्यात उभा राहून "आई, मी शंभू" म्हणतो, आणि आई त्याच्याकडे बघून विचारते, "कोण तुम्ही?" मग शंभूराजने तोंड फिरवून रडायचं.

सांगायला सोपं, पण घ्यायला अवघड. एकदा ऊन ढगाआड गेलं. एकदा पार्किंगमधली म्हैस नेमकी त्याच वेळी ओरडली. एकदा लग्नाची वरात घेऊन ट्रॅक्टर रस्त्याने गेला, आणि शंभूराज रडायच्या ऐवजी ठेका धरायला लागला. त्यामुळे दिवसभर शंभूराज येत होता आणि दिवसभर त्याची आई त्याला ओळखत नव्हती.

रंगूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून हे बघत होती. आधी तिने नुसतं चुकचुक केलं. मग तोंडाला पदर लावला. आणि दुपारी, कॅमेरा चालू असताना, ती तरातरा उठून थेट चुलीपाशी गेली आणि मायाताईंना खांद्याला धरून हलवलं.

"अगं बाय, तुजा ल्योक हाय त्यो. शंभू. सकाळधरनं सांगतोय बिचारा. पोटच्या पोराला असं कसं इसरलीस?"

युनिट हसून लोळायचं बाकी राहिलं. रंगूबाईला हसू येत नव्हतं. तिने मायाताईंना जवळ घेतलं, आपल्या पदराने त्यांच्या कपाळावरची राख पुसली, म्हणजे मेकअपवाल्याची तासाभराची मेहनत पुसली, आणि वीरधवलला खडसावलं, "हिच्या डोक्यात काय ऱ्हात न्हाई. हिला एकटीला सोडू नगासा."  त्या दिवसापासून मायाताई रंगूबाईच्या हाताने घास खाऊ लागल्या, आणि मोकळ्या वेळात दोघी चुलीपाशी बसू लागल्या. कोण कुणाला सांभाळतंय, हे बघणाऱ्याने आपापलं ठरवावं.

दुसऱ्या दिवशी नट फाटकातून आत आला, आणि रंगूबाईने हाक मारली, "शंभू, आलास व्हय रं?"

विश्वजीत पायरीवर दाढी करत होता. त्याला वस्तरा लागला नाही हे नशीब. चहा प्यायलेला जिला आठवत नाही, तिने सिनेमातल्या परक्या पोराचं नाव रात्रभर जपून ठेवलं होतं. विश्वजीतचा असा जळफळाट झाला, की ती चिकटवलेली मिशी जाऊन उपटावी असं त्याला वाटलं. मग तो विचार करत बसला, आणि त्याच्यातला उस्ताद जागा झाला.

फौजेत विश्वजीत कवायतीचा उस्ताद होता. डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे न कळणारी पोरं त्याने रगडून रगडून मोठमोठ्या साहेबांसमोर एका पावलात चालवली होती. समजावून सांगण्यावर त्याचा विश्वास नव्हता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की ती अंगात मुरते, डोकं लागतच नाही, असं त्याचं शास्त्र. शंभूचं नाव आईच्या ध्यानात का राहिलं? सारखंसारखं कानावर पडलं म्हणून. मग आपलं का राहू नये?

त्या दिवसापासून अंघोळ करून तो रंगूबाईसमोर सावधानमध्ये उभा राहू लागला. "आये, मी विश्वजीत. तुजा ल्योक." एवढं बोलून पाठमोरा वळायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा आणि पुन्हा तेच. बंगल्याच्या अंगणातून त्याच्या बुटांचा आवाज घुमायचा.

राजेश्वरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. "आवं, आई हायत त्या. रंगरूट न्हाईत," ती म्हणाली.

"तू मधी बोलू नगंस. रोज झालं पायजे."

"त्यास्नी तरास हुतोय."

"सुरवातीला समद्यास्नीच हुतो."

रंगूबाई ऐकून घ्यायची. पहिल्या दिवशी ती "बरं, पावनं" म्हणाली. पुढे पुढे "पावनं" म्हणणं बंद झालं. ती त्याच्याकडे टक लावून बघायची आणि तिचे डोळे पाणावायचे. एका सकाळी तिने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. विश्वजीतने तो खडा राजेश्वरीला नेऊन दाखवला. त्याच्या मते प्रगती चांगली होती.

शूटिंगचा शेवटचा दिवस आला. सामान ट्रकमध्ये चढायला लागलं, तसा विश्वजीतचा धीर सुटला. ही चूल, हे दिवे, हे "शांतता राखा" गेलं, तर आईच्या ध्यानात काय राहणार? तो वीरधवलकडे गेला. हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाला विनंती जमत नाही, म्हणून त्याने हुकूमच सोडला. "माजा एक सीन घ्या. शंभूच्या जागी मी यीन. आनी मायाताईंच्या शेजारी माज्या आईला बसवा."

वीरधवलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दिवेवाल्यांना हाक मारली. दिवे पुन्हा लागले. रंगूबाई मायाताईंना टेकून चुलीपाशी बसली. राजेश्वरी दारात येऊन उभी राहिली. पाटीचा खटका वाजला आणि विश्वजीत उंबऱ्यात आला.

"आये," तो म्हणाला, "मी विश्वजीत. तुजा ल्योक."

परेडच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा त्याचा आवाज, तो चुलीपर्यंतही धड पोचला नाही. रंगूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मायाताईंकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. आणि हात पुढे केला.

"ये रं विश्वजीता. कवा आलास? बस असा."

वीरधवल "कट" म्हणायचं विसरला. राजेश्वरीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. विश्वजीत आत येऊन चुलीपुढे मांडी घालून बसला. रंगूबाईने सीनसाठी ठेवलेल्या थाळीतली सकाळची कडक भाकरी मोडून त्याच्या पुढ्यात ठेवली. "खा. लय वाळलास," ती म्हणाली. त्याच्या पोटाकडे बघून कुणी हसलं नाही. तो खाली मान घालून भाकरी चावू लागला आणि लहान पोरासारखा रडू लागला. इतकी वर्षं ज्यासाठी तो झुरला होता, ते त्याला मिळालं होतं.

रंगूबाई मायाताईंच्या कानाशी वाकली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचं कुजबुजणं सगळ्या गोठ्याला ऐकू जायचं.

"ह्याची आई ह्याला इसरलीया गं," ती म्हणाली. "रोज सकाळी माज्याम्होरं यिऊन नाव सांगतोय. किती दिस न्हाई म्हनू? म्हनलं, आपनच व्हय म्हनावं. आपलं काय जातंय त्यात?"

विश्वजीतचा घास तोंडातच राहिला. दिव्यांच्या उजेडात सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने घास गिळला, मनगटाने डोळे पुसले आणि थाळी पुढे सरकवली.

"आये, आनी वाढ वाइच."

रंगूबाईने उरलेली भाकरी त्याला वाढली, पाठीवरून हात फिरवला आणि मायाताईंना कोपराने हळूच ढोसलं.

"बग," ती म्हणाली, "बिचाऱ्याला खरंच वाटलं."