पांढरी तीन आणि काळी दोनच्या मध्ये

कुंदाने तीच पट्टी तिसऱ्यांदा दाबली आणि मान तिरकी करून टेपरेकॉर्डरकडे बघितलं. टेपमधलं गिटार एक सूर सांगत होतं, तिचा कीबोर्ड दुसराच.

"पांढरी तीनच्या जरा खाली आहे," ती म्हणाली, "आणि काळी दोनच्या जरा वर. मधेच कुठेतरी पडतंय."

"मधे काही नसतं," अभिमन म्हणाला. "तुझा कीबोर्ड बिघडलाय."

त्याने गिटारच्या तारा छेडल्या. टेपशी तंतोतंत जुळल्या. जुळणारच होत्या, गेली दोन वर्षं तो टेप लावूनच तारा लावत आला होता. निंबाने बेस गिटारवर तोच सूर धरला, तोही जुळला. पिंप्राळ्यातल्या झुंबरबाईंच्या माडीवर रविवारच्या उन्हात एकटी कुंदाच चुकीची ठरली. तिने कीबोर्डची वायर गुंडाळायला घेतली.

ड्रममागे बसलेल्या पुनाने काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या.

"माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "दुकानात नेऊन बघतो."

चौघांत कुंदा नवी होती. वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याहून जळगावला आलेली, अभिमनच्याच वर्गात. तिला बँडमध्ये घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि दोन आठवड्यांवर धुळ्याच्या एका कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं होतं. जळगावबाहेर कुणी बोलावण्याची बँडची ही पहिलीच वेळ. झुंबरबाई अभिमनची आत्या. धान्याच्या कोठ्या एका बाजूला सारून माडी तिनेच मोकळी करून दिली होती. वाजवणं सुरू झालं की ती खाली शेंगा सोलत बसायची, आणि थांबलं की सगळं झालं का म्हणून हाक मारायची, "व्हयनं का रे बठ्ठं?"

पुना बसस्टँडजवळच्या दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. सोमवारी त्याने कीबोर्ड काउंटरवर ठेवला, पण उघडला नाही. कीबोर्डला काही झालेलं नाही हे त्याला ठाऊक होतं.

बिघडला होता टेपरेकॉर्डर. आत मोटर आणि चाक यांना जोडणारा रबराचा एक बारीक पट्टा असतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, जळगावचं ऊन पत्र्यांना वाकवत असताना, तो पट्टा सैल पडला. कॅसेट हळू फिरू लागली, सगळे सूर जरा खाली उतरले. अभिमनच्या मामाने मुंबईहून पाठवलेली परदेशी रॉक बँडची ती एकुलती एक कॅसेट त्यांनी तेव्हा नुकतीच ऐकायला घेतली होती. ती तशीच आहे असं सगळे धरून चालले.

महिनाभराने हेड साफ करायला म्हणून पुनाने टेपरेकॉर्डर दुकानात आणला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने नवा पट्टा घातला आणि कॅसेट लावली. गाणं धावत सुटलं. गाणारा उतावळा वाटू लागला, ड्रमचे ठोके एकमेकांच्या अंगावर पडू लागले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग नवा पट्टा काढला आणि जुना परत घातला.

तो वेग आपल्या हाताला झेपणार नाही, अशी भीती वाटली हे खरं. पण तेवढंच नव्हतं. त्या हळू गाण्यात एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला वाट होती. काडी वर उचलली की खाली येईपर्यंत पुनाला पहाटेची केळीची बाग दिसायची, पानांवरून पाणी सरकत टोकाशी येऊन थांबलेलं, अजून न पडलेलं. त्या थांबण्यातूनच पुढे अभिमनने स्वतःची गाणी रचली. तीन रचली, आणि तिन्ही तशीच, अर्ध्या झोपेत चालल्यासारखी.

बुधवारी संध्याकाळी कॉलेजातून परतताना कुंदा दुकानात आली.

"सापडलं काही, पुनाभाऊ?"

"बघतोय अजून."

तिने कीबोर्डकडे पाहिलं. एकही स्क्रू हललेला नव्हता.

"बिघडला असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "वडील पुण्याला पाठवतील. पण नसेल बिघडला, आणि तरीही तो तुमच्यात बसत नसेल, तर मी येणं बंद करते. अभ्यासाचं सांगेन. तुमचं धुळ्याचं मोडायला नको."

हे ती इतक्या साधेपणाने बोलली की पुनाला तिच्याकडे बघवेना. ती गेल्यावर तो बराच वेळ फडक्याने काउंटर पुसत राहिला.

रविवारी माडीवर सगळे जमले तेव्हा त्याने कीबोर्ड कुंदाच्या पुढ्यात ठेवला.

"हा चांगला आहे," तो म्हणाला. मग टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. कुणी काही विचारायच्या आत त्याने पाठ उघडून पट्टा बदलला, आणि कॅसेट लावली.

गाणं धावत सुटलं. कुंदाने पांढरी तीन दाबली. सूर नेमका तिच्यावर येऊन बसला. पण तिने लगेच बोट उचललं, जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं.

"हाई काय शे?" निंबा म्हणाला.

"हेच खरं आहे," पुना म्हणाला. "पट्टा सैल होता. दोन वर्षांपासून. मला माहीत होतं."

निंबा एकदा टेपकडे, एकदा पुनाकडे बघत राहिला. अभिमन उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो पाठमोरा उभा होता. पुना वाट बघत होता, त्याने काहीतरी बोलावं म्हणून. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

अभिमन वळला. त्याने टेप बंद केला, कॅसेट काढून तिच्या डबीत घातली आणि गिटार गळ्यात अडकवलं.

"कुंदा, पांढरी तीन दे," तो म्हणाला.

तिने सूर दिला. तो एकेक तार हळूहळू वर चढवू लागला.

"धुळ्याले आपलीच वाजाडूत," तारांवरची नजर न काढता तो निंबाला म्हणाला. "तिन्ही. हळूच."

धुळ्यात मांडवातली पोरं आधी शिट्ट्या मारत होती. पहिल्या गाण्याला काहीजण उठून गेले. दुसऱ्याला जे उरले ते खुर्च्यांत मागे रेलले. तिसरं संपलं तेव्हा टाळ्या जरा उशिराने आल्या, दचकून जाग आल्यासारख्या. खाली उतरल्यावर एका प्राध्यापकांनी, ही चाल कुठली, असं विचारलं. आमचीच, असं कुंदाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते परत निघाले. पारोळा मागे पडलं. दोन्ही अंगांना कापसाची वेचणी चालली होती, बायका ओळीने पुढे सरकत होत्या. पुढच्या बाकावर कुंदा आणि निंबा झोपले होते. अभिमन पुनाशेजारी गिटार दोन पायांत धरून बसला होता, त्याचेही डोळे मिटलेले होते.

"मागली दिवाळीले मी मामाकडे मुंबईले गयथू," तो डोळे न उघडता म्हणाला.

"मंग?"

"तठे ते गानं ऐकं. धावतं."

एसटी एका फाट्यावर थांबली. एक म्हातारी चढली, तिने पदर सावरला, बसली. कंडक्टरने घंटी दिली.

पुनाने विचारलं, "आनि माले सांगं नही?"

"परत उनू. तू वाजाडी ऱ्हायन्था. हळूच." अभिमनने कूस बदलली आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. "उगामुगा बशी गयथू ऐकत."

एसटीने वेग घेतला. शेतं मागे पळू लागली, पण दूरच्या बायका तेवढ्याच हळू चालत होत्या. पुना त्यांच्याकडे बघत राहिला. अभिमनचा श्वास लांब पडू लागला, तेव्हा वाऱ्याने तो जागा होऊ नये म्हणून त्याने हात लांबवून खिडकीची काच अलगद खाली ओढली.